म्हणावं, आ करा

आमच्या धाकटीसमोर तोंड बंद ठेवू शकेल असा माणूस परभणी जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे, असे मी म्हटले तर ती अतिशयोक्ती फक्त जिल्ह्याबाहेरच्या वाचकांना वाटेल. धाकटी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. तिच्यापुढे तान्ह्या लेकरांनी आ केला आहे, बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्यांनी आ केला आहे, मंडपात रुसून बसलेल्या एका वरमाईने रुसवा बाजूला ठेवून आ केला आहे आणि एकदा तर धावत्या एसटीत कंडक्टरने तिकिटाचे यंत्र काखेत धरून, दांड्याला लोंबकळत आ केला आहे. या सगळ्यांत अपवाद एकच होता, आणि तो मी. मी वर्षानुवर्षे तिच्यासमोर तोंड मिटून राहिलो आणि त्या मिटलेल्या तोंडाला ‘मर्यादा’ असे भारदस्त नाव दिले. ती मर्यादा नव्हती. ती काय होती ते ओघाने येईलच. पण एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचे हसत सांगता येईल. दोष माझ्यात होता, तो मी लपवला, आणि त्यापायी तिचे एक वर्ष वाया गेले.

आमच्याकडे नवऱ्याच्या थोरल्या भावाला भासरा म्हणतात. भासऱ्यासमोर भावजयीने शक्यतो यायचे नाही, यावेच लागले तर पदर सावरून यायचे, आणि बोलायचे तर मुळीच नाही. नव्या घरांतून ही रीत केव्हाच गेली. आमच्या ताडकळसच्या घरात ती राहिली, कारण ती मोडण्याचा अधिकार माझा होता आणि मी तो वापरला नाही. दुसऱ्या एखाद्या सुनेला न बोलणे जमलेही असते. धाकटीला ते जमण्यासारखे नव्हते. लग्न होऊन आल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिने तोड काढली. अंगणात शेळी बांधलेली होती. धाकटी तिच्याकडे तोंड करून, पण ओसरीवर बसलेल्या मला लख्ख ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, “म्हणावं भासऱ्यांना, चहा निवायलाय.” शेळीने कान हलवले आणि मी कप उचलला. तेव्हापासून आमच्या घरातला सारा व्यवहार शेळीमार्फत चालू झाला. मीही तिलाच उत्तर देऊ लागलो, “सांग, साखर कमी पडलीय.” एक शेळी गेली, तिची लेक आली, लेकीची लेक आली, पद्धत तीच राहिली. माझ्या शाळेत नव्याने रुजू झालेले एक शिक्षक सही घ्यायला घरी आले होते. आपले मुख्याध्यापक शेळीला “लाइटबिल भरलं का विचार” म्हणतात आणि घरातून “भरलं म्हणावं, कवाच” असे उत्तर येते, हे पाहून त्यांनी सही न घेताच काढता पाय घेतला. पुढे बरेच दिवस ते माझ्याशी फार जपून बोलत.

दातांचे वेड ती माहेराहून घेऊन आली होती. तिचे वडील आठवडी बाजारात बैल पारखत. अंगठ्याने बैलाचा ओठ वर केला, की तो दोन दाती आहे, चार दाती आहे की सगळे दात जुळून म्हातारपणाकडे झुकला आहे, हे ते एका नजरेत सांगत आणि मग विकणाऱ्याची बडबड आपोआप थांबे. लहानपणी धाकटी त्यांच्या धोतराला धरून बाजारभर हिंडली. बैलांवर तिचे भागले नाही, म्हणून ती माणसांकडे वळली. भावकीतल्या एका मुलीला पाहायला पाथरीहून पाहुणे आले, तेव्हा पोहे घेऊन धाकटीच पुढे झाली आणि ताटली ठेवता ठेवता असे काही बोलली, की नवरा मुलगा खदाखदा हसला. तिला तेवढेच हवे होते. स्वयंपाकघरात परतून तिने निकाल दिला, “पोरगा चांगला हाय. पुढचे दात लोकांसाठी घासतो, मागचे घासतच न्हाई. म्हणजे आळशी हाय, पण लबाड न्हाई. देऊन टाका.” मुलगी दिली. जावई आजही सकाळी नऊच्या आत उठत नाहीत आणि खोटे बोलत नाहीत.

तर अशी ही धाकटी पंचेचाळिशीला आली असताना तिची स्वतःची दाढ दुखू लागली. भावाने तिला परभणीला एका दातांच्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण, आम्हाला मुलगी शोभावी एवढ्या वयाच्या, आणि अतिशय शिस्तीच्या. दातांच्या खुर्चीत बसल्यावर माणसाचे हातपाय गार पडतात, असा सर्वांचा अनुभव आहे. धाकटीला मात्र त्या खुर्चीत बसून स्वर्ग दिसला. खाली-वर होणारी ती खुर्ची, डोळ्यांवर येणारा पण डोळे न दिपवणारा दिवा, ताटलीत ओळीने मांडलेले आरसे नि चिमटे, सुर्रर करत तोंडातली लाळ ओढून नेणारी नळी! त्या दिवशी मदतनीस मुलगी रजेवर होती. डॉक्टरीणबाईंना एका हाताने दाढ कोरायची होती आणि दुसऱ्या हाताने नळी धरायची होती. अर्धे तोंड बधिर असलेल्या धाकटीने त्यांच्या हातातून ती नळी काढून घेतली आणि स्वतःच्या तोंडात, स्वतःच्या हाताने, हवी तिथे बरोबर धरून बसली. काम संपल्यावर डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, “मावशी, दंत सहायकाचा वर्षाचा वर्ग असतो. दहावी झालीय ना? सकाळी वर्ग, तिथं मीही शिकवते. दुपारी माझ्याकडे काम. करता का?”

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिचा एक गाल सुजलेला होता आणि दोन्ही डोळे चमकत होते. शेळीपुढे बसून तिने सगळी हकिगत एका दमात सांगितली. माझी पत्नी भाकरी थापायची थांबली. भाऊ दारात उभा होता. तो पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो आणि मोटारींशी जितके बोलतो त्याहून कमी माणसांशी बोलतो. शेवटी धाकटीने शेळीच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारले, “तर म्हणावं, भासऱ्यांनी हो म्हणावं म्हणजे झालं. जाऊ का?”

मी नाही म्हणालो. नाही म्हणताना माझा आवाज नेहमीप्रमाणे मृदू होता, शब्द नेहमीप्रमाणे निवडलेले होते. “सांग तिला,” मी शेळीला म्हणालो, “घरच्या सुनेने परक्या पुरुषांच्या तोंडात हात घालायचा, हे आपल्या मर्यादेत बसत नाही. उद्या मीच त्या खुर्चीत बसलो तर काय करायचं? तूर्त राहू द्या.” धाकटीने सुजलेल्या गालावरून पदर ओढला आणि एवढेच म्हणाली, “ठीक हाय म्हणावं.” पुढचे काही दिवस ती शेळीशीही फारसे बोलली नाही. वर्ग सुरू झाला, भरला, आणि तिच्यावाचून चालू राहिला.

उद्या मीच त्या खुर्चीत बसलो तर! वाचकहो, त्या सगळ्या भाषणात तेवढे एकच वाक्य खरे होते. मी शाळेत दरवर्षी मुलांना तंबाखू न खाण्याची शपथ देतो. हात पुढे करून, स्पष्ट उच्चारात, ओळीओळीने देतो. आणि नोकरीला लागल्यापासून माझ्या कार्यालयातल्या खडूच्या पेटीमागे तंबाखूची डबी असते. पत्नीला ठाऊक नव्हते, भावाला ठाऊक नव्हते. बैलाचा ओठ वर करून वय सांगणाऱ्याची लेक नुसत्या नजरेने एवढे ओळखते. तिला शिकवले, हातात आरसा दिला, दिवा दिला, तर माझे तोंड किती दिवस झाकले राहणार? या भीतीने मी एका उत्साही बाईच्या वाटेत मर्यादेचा ओंडका टाकला, आणि मर्यादा पाळणारा म्हणून भावकीत वाखाणलाही गेलो.

दुसऱ्या वर्षी वर्ग सुरू व्हायच्या दिवशी सकाळी मी ओसरीवर चहाची वाट पाहत होतो. चहा आला नाही. शेळी होती, पण तिच्यामागून आवाज आला नाही. थोड्या वेळाने भाऊ बाहेरून आला, चप्पल काढली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, “दादा, तिला परभणीच्या गाडीत बसवून आलो.” लहानपणापासून आजवर त्याने माझ्यासमोर उच्चारलेले हे बहुधा सर्वांत मोठे वाक्य असावे. मी काही बोलणार तोच पत्नी आतून म्हणाली, “चहा मी ठेवलाय. आणि अहो, आता शेळीला काही सांगू नका. ती एसटीत बसत नाही.”

तिथून पुढचे वर्ष आमच्या घराने असे काही अनुभवले, की ते आठवले तरी मला अजून गुदगुल्या होतात. धाकटी रोज संध्याकाळी परभणीहून काहीतरी नवीन शिकून यायची आणि ते घरात ठेवायला जागा पुरायची नाही. पहिल्या आठवड्यात हात धुणे शिकली. झाले! नखे, बोटांच्या बेचक्या, मनगट, अशी रीतसर धुलाई झाल्याशिवाय कोणाला ताटावर बसता येईना. भावाच्या हाताचे ग्रीस आयुष्यात पहिल्यांदा निघाले, आणि आपल्या डाव्या हातावर तीळ आहे हे त्याला कळले. दुसऱ्या आठवड्यात उकळणे आले. पळ्या, चमचे, सांडशी, अडकित्ता, दिसेल ते उकळत्या पाण्यात पडू लागले. माझ्या चष्म्याचे घर एकदा थोडक्यात वाचले. मग हत्यार देणे आले. डॉक्टरांनी मागायच्या आत, त्यांची नजर रोग्याच्या तोंडावरून न हलता, मूठ त्यांच्या हाताकडे आणि टोक आपल्याकडे करून वस्तू द्यायची, हा त्यातला नियम. तिने तो माझ्या पत्नीवर गिरवला. पत्नी भाजी हलवायला हात मागे करी आणि हातात थाडकन उलथणे येई. मिठाला हात करी तर मीठ येई. आठ दिवसांत पत्नीला अशी सवय लागली, की धाकटी परभणीला असताना तिने एकदा सवयीने हात मागे केला आणि बराच वेळ तो तसाच धरून ती उभी राहिली.

दातांचे माप घ्यायला एक गुलाबी भुकटी पाण्यात कालवतात. ती भराभर कालवली नाही तर वाटीतच घट्ट होते. धाकटीच्या पहिल्या वाटीचा दगड झाला आणि डॉक्टरीणबाईंनी तो टेबलावर आपटून सगळ्या वर्गाला ऐकवला. घरी येऊन तिने बेसन काढले. पाणी ओतायचे, वाटी तळव्यावर फिरवायची, उलथण्याने कडेला दाबत फेटायचे. सरावाचे बेसन टाकून कसे द्यायचे? त्या पंधरवड्यात आम्ही सकाळी पिठले खाल्ले, रात्री पिठले खाल्ले आणि मधल्या वेळी भजी खाल्ली. भावाने एका दुपारी ताटाकडे पाहून विचारले, “जमलं का गं?” ती म्हणाली, “जमत आलंय.” त्याने सुस्कारा टाकला आणि भाकरी मोडली.

पण तिची खरी कमाल वेगळीच होती. दातांच्या खुर्चीतल्या माणसाच्या तोंडात कापूस असतो, नळी असते, आरसा असतो, आणि नेमके तेव्हाच त्याला काहीतरी सांगायचे असते. ओठ मिटता येत नाहीत, जीभ वळत नाही, त्यामुळे सगळे बोलणे आ, ऊ आणि ओ एवढ्यावर येते. डॉक्टरांना त्यातले फक्त दुखणे कळते. सहायकाला सगळे कळायला हवे, असे धाकटीने स्वतःच ठरवले. मग रोज जेवणे झाली, की ती भावाला आणि जाऊबाईंना आ करून बोलायला लावी. “बोला, काय बी बोला. मी वळखते.” पत्नीची हसून मुरकुंडी वळे. पण भाऊ, जो सरळ ओठ हलवून बोलायची संधी मिळूनही कधी बोलला नव्हता, तो तोंड उघडे ठेवून घडाघडा बोलू लागला. आम्हा इतरांना एक अक्षर कळत नसे. धाकटीला सगळे कळत असे. कधी ती लाजून “चला, कायतरीच” म्हणे, कधी डोळे पुसत हसे. लग्नानंतर इतक्या वर्षांनी नवरा-बायकोला चारचौघांत खाजगी बोलायची सोय झाली होती. मी ओसरीवरून हे ऐकत असे, आणि तोंड मिटून घेत असे.

तिचे चुकत नव्हते असे नाही. एक मध्यमवयीन दिसणाऱ्या बाई दवाखान्यात आल्या आणि वय विचारल्यावर त्यांनी पन्नास सांगितले. धाकटी दिवा सरळ करता करता सहज बोलून गेली, “साठी उलटलीय, मॅडम. दाढा बघा की.” बाई खुर्चीतून उठून निघून गेल्या. डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतले आणि तिला फैलावर घेतले. “मावशी, तुमचा हात चांगला आहे, पण तोंड आवरत नाही. वर्षाच्या शेवटी तुम्हाला एक रोगी आणायचा आहे, घरचा किंवा गावचा. त्याची दाढ मी काढेन आणि तुम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत मदत कराल. कामापुरतं बोलायचं. एक शब्द जास्तीचा गेला, तर प्रमाणपत्र संस्था देईल, पण माझ्या दवाखान्यात जागा नाही.” आणि तीच जागा तर तिला हवी होती. त्या संध्याकाळी ती शेळीपुढे बसली आणि स्वतःचे ओठ दोन बोटांनी दाबून धरून बराच वेळ गप्प राहण्याचा सराव करत होती. शेळी घाबरून मागे सरकली.

रोगी मात्र मिळेना. पत्नीचे दात पहिल्यापासूनच चांगले. भावाचे तिने केव्हाच दुरुस्त करून घेतले होते. गावातली दुखणारी तोंडे वर्गातल्या दुसऱ्या मुलींनी आधीच पळवली होती. आणि याच सुमारास माझी डावीकडची खालची दाढ ठणकू लागली. तंबाखूची जागा तीच. मी लवंग धरली, मिठाच्या गुळण्या केल्या, शाळेत खिडकीकडे तोंड करून गाल दाबला आणि घरी चेहरा प्रसन्न ठेवला. चौथ्या दिवशी जेवताना स्वयंपाकघरातून आवाज आला. तो शेळीला उद्देशून होता, पण शेळी तेव्हा अंगणात झोपली होती. “म्हणावं, भासरे उजव्या बाजूनंच जेवायलेत. भाकर कुस्करून घ्यायलेत. मी काय बोलत न्हाई. पण दाढच बोलायलीय.” थोडे थांबून, अगदी हळू, “मला एक रोगी पाहिजे. पण म्हणावं, मर्यादा हाय. मी इचारनार न्हाई.”

ती विचारणार नव्हती, म्हणूनच मला जावे लागले. मी ताटावरून उठलो आणि शेळीशिवाय, भिंतीकडे पाहून म्हणालो, “येतो म्हणावं.” आत काहीतरी खणकन पडले. बहुधा उलथणे असावे.

दवाखान्यात मी खुर्चीत बसलो. ती मागे कलली आणि मी छताकडे पाहू लागलो. डाव्या बाजूला निळा एप्रन, निळी टोपी, तोंडावर मास्क. वर फक्त डोळे. इतकी वर्षे एका घरात राहून मी ते डोळे कधी समोरून पाहिलेच नव्हते, हे माझ्या लक्षात आले. दिवा लागला. आणि ती वाकून माझ्याशी, शेळी नाही, भिंत नाही, थेट माझ्याशी बोलली.

“आ करा.”

लग्न होऊन आल्यापासून धाकटीने मला उद्देशून उच्चारलेले ते पहिले शब्द. आवाज शांत होता, मऊ होता, आणि त्याला नाही म्हणण्याची सोय नव्हती. मी आ केला.

डॉक्टरीणबाईंनी आरसा फिरवला. कपाळाला आठी पडली. “काका, तंबाखू खाता?”

तोंडात आरसा होता. मी मान हलवली. नाही.

“मग गालाच्या आत हा पांढरा पट्टा कसला?”

मी पुन्हा मान हलवली. धाकटीचे डोळे माझ्यावर होते. तिला दिसले होते. पहिल्याच नजरेत दिसले होते. एक जास्तीचा शब्द गेला तर जागा जाणार, हे तिला माहीत होते आणि मलाही माहीत होते. डॉक्टरीणबाई तिच्याकडेच पाहत होत्या. तरी ती बोलली. “भासरे, खरं सांगा. हितं मी तुमची भावजय न्हाई. हे न्हाई सांगितलं तर मॅडमना इलाज करता यायचा न्हाई.”

मी डोळे मिटले आणि उघड्या तोंडानेच सांगायला लागलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काय म्हणतायत?” धाकटी म्हणाली, “खातात म्हणायलेत. नौकरी लागली तवापासून. साळंत, खडूच्या पेटीमागं ठिवतात.” माझे आ-ऊ तिच्या तोंडून असे स्वच्छ मराठीत बाहेर येत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आज सोडलीत तर पट्टा जाऊ शकेल, महिन्याने पुन्हा दाखवायचे, दिरंगाई नको. मग सुई आली, गाल बधिर झाला आणि काम सुरू झाले. वस्तू मागायच्या आत डॉक्टरांच्या हातात पडत होती, मूठ तिकडे, टोक इकडे. नळी जिथे हवी तिथे होती. माझी दाढ केव्हा हलली आणि केव्हा निघाली ते मला कळले नाही; मी दुसऱ्याच कामात होतो. तोंडात नळी असताना मी उरलेले सगळे सांगत होतो. वर्गाबद्दल, शेळीला दिलेल्या त्या उत्तराबद्दल, मर्यादेबद्दल. तिचा हात क्षणभर थांबला. मास्कच्या वर डोळे भरून आले.

“आता काय म्हणतायत?” डॉक्टरीणबाईंनी विचारले.

“काय न्हाई मॅडम,” ती म्हणाली. “पाणी मागायलेत.”

निघताना डॉक्टरीणबाईंनी हातमोजे उतरवले आणि तिला म्हणाल्या, “मावशी, मघाशी काकांशी बोललात तुम्ही.” धाकटीचा चेहरा उतरला. “ते जास्तीचं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “सोमवारपासून साडेनऊला या. शिकाऊ म्हणून नाही.”

आता ती रोज सकाळच्या गाडीने परभणीला जाते. गाडीतले लोक तिला जागा देतात आणि मग तिच्याकडे तोंड करून बसतात. दिवसभर आमचे घर फार शांत असते. शेळीला कोणी काही सांगत नाही, विचारत नाही; ती दावणीला उभी राहून दाराकडे पाहत असते. चहा निवतो आणि तसे सांगणारे कोणी नसते. खडूच्या पेटीमागे आता खडूच असतात. कधी कधी वाटते, ज्या वर्षी मी तिला अडवले त्या वर्षीचे तिचे बोलणे-हसणे मी तिच्याकडून आणि आमच्या घराकडूनही थोडे काढून घेतले होते, आणि ते काही परत येणार नाही.

पण मला सांगायची आहे ती दाढ काढली त्या दिवशीची संध्याकाळ. एसटीत ती पुढे बसली, मी मागे बसलो. निघालेल्या दाढेच्या जागी कापूस दाबून धरायचा होता, त्यामुळे तोंड मिटून ठेवणे ही आयुष्यात पहिल्यांदाच माझी युक्ती नव्हती, तो वैद्यकीय सल्ला होता. घरी पोहोचलो. पत्नी आणि भाऊ दारात वाट पाहत होते. धाकटीने गळ्यात राहिलेला मास्क पिशवीत टाकला, डोक्यावरून पदर घेतला आणि पुन्हा भावजय होऊन सरळ शेळीकडे गेली. तिच्या गळ्याखाली खाजवत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मघाशी भासरे पाणी मागत होते, असं मॅडमला सांगितलं म्यां. खरं काय म्हणत होते ते मला कळलंय. पण ते आ करून बोलले. मी शिकलेली म्हणून मलाच कळावं आन् जाऊबाईला, ह्यांना कळू नये, असं कसं? म्हणावं भासऱ्यांना, गाल सुधरला असंल तर आ न करता, नीट शब्दांत सांगा. सावकाश सांगा. मी हितंच हाय.”

गाल अजून जड होता. मी कापूस काढला आणि ओसरीच्या पायऱ्या उतरून अंगणात गेलो. शेळीने सवयीने माझ्याकडे मान वळवली. मी तिच्याकडे पाहिले नाही.

“बाई,” मी म्हणालो, “तू शिकायला जाते म्हणालीस तेव्हा मी मर्यादेचं नाव सांगून तुला अडवलं. मर्यादेचं काही नव्हतं. माझ्या तोंडात तंबाखू होती आणि ती तुला दिसेल, याची मला भीती वाटत होती. तुझं एक वर्ष मी खाल्लं. माझं चुकलं, बाई. मला माफ कर.”